कांद्याच्या कुशीला वारा

निफाड तालुक्यात माझं आजोळ. मे महिन्यात मामा कांद्याच्या चाळीच्या पट्ट्यांमधून हात आत सरकवायचा आणि तसाच थोडा वेळ उभा राहायचा. तो कांदे चाचपतोय असं आम्हा मुलांना वाटे. खरं तर तो वारा पाहत असे. चाळ जमिनीपासून दीड-दोन फूट उचललेली, खालून मोकळी, बाजूंना बांबूच्या पट्ट्या आणि पट्ट्यांमध्ये बोटभर फटी. एप्रिलमध्ये काढलेला उन्हाळी कांदा त्या फटींच्या जिवावर गणपतीपर्यंत, बरं साधलं तर दसऱ्यापर्यंत टिकायचा. हवा कोंडली की आठवडाभरात वास सुटायचा.

पुण्यात गच्चीवर बाग करायला लागले तेव्हा ही चाळ मला आठवली नाही. निशिगंधाचे कंद मी चांगल्या जाड, भरीव प्लॅस्टिकच्या कुंडीत लावले. पहिल्या वर्षी फुलदांडे आले, घरभर वास दरवळला. दुसऱ्या पावसाळ्यात पानं पिवळी पडली म्हणून ओढून पाहिली तर ती अलगद हातात आली. खाली कंदाच्या बुडाचा तपकिरी लगदा झाला होता. मुळं फुटतात ती बुडाची चकती हा कंदाचा सगळ्यात नाजूक भाग. उबदार, ओल्या मातीत फ्युजेरियम नावाची बुरशी तिथूनच आत शिरते. वरची पानं पिवळी पडतात तोवर बहुतेक वेळा उशीर झालेला असतो.

मग जाळीची कुंडी हाती आली. मुळात ही वस्तू कमळ-कुमुदिनीसाठी तळ्यात ठेवायची. चौकोनी किंवा गोल, तळाला आणि चारही बाजूंना छिद्रंच छिद्रं. रोपवाटिकेत मिळाली नाही तर स्वयंपाकघरात कांदे-बटाटे ठेवायची प्लॅस्टिकची जाळीची टोपलीही चालते. पंचवीस सेंटिमीटर रुंद आणि तेवढीच खोल असली की पुष्कळ झालं.

तिचं काम कसं चालतं हे समजून घेण्यासारखं आहे, कारण कुंडीच्या निचऱ्याबद्दल आपल्याकडे एक चुकीची समजूत घट्ट बसली आहे. तळाला खडे, खापऱ्या घातल्या की पाणी निघून जातं, असं आपण वर्षानुवर्षं ऐकतो. भांडी घासायचा स्पंज पूर्ण भिजवून आडवा धरा. थोडं पाणी गळेल आणि थांबेल. आता तोच स्पंज उभा करा, पुन्हा पाणी गळायला लागेल. स्पंजाच्या बारीक छिद्रांत पाणी अडून राहतं आणि तळाशी एक चिंब थर कायम उरतो. कुंडीतल्या मातीचं तसंच होतं. खडे घातले तर तो चिंब थर खड्यांच्या वर सरकतो, म्हणजे कंदाच्या बुडाच्या आणखी जवळ येतो. जाळीची कुंडी नुसती फरशीवर ठेवली तरी हा थर राहतोच. पण ती वाळूत पुरली की जाळीतून आतली माती बाहेरच्या वाळूला भिडते. सगळा मिळून एकच उंच स्पंज होतो आणि चिंब थर कुंडीच्या तळाखाली, वाळूत उतरतो. जाळीच्या कुंडीचा खरा जोडीदार वाळूचा वाफा आहे. नुसती जाळी घेऊन निम्मंच काम होतं.

ही जोडी नीट वापरायला शिकले ते ब्रिटनमधले हौशी बागवान. १९२९ साली तिथे अल्पाइन गार्डन सोसायटी स्थापन झाली. डोंगराळ मुलखातली छोटी झाडं जोपासणाऱ्यांची ही संस्था. तुर्कस्तान, इराण, मध्य आशिया इथल्या रानटी ट्युलिप, फ्रिटिलेरिया, क्रोकस यांचा त्यांना ध्यास. त्या मुलखात हिवाळा-वसंतात ओल असते आणि उन्हाळा रखरखीत कोरडा. तो उन्हाळा कंद जमिनीखाली झोपून काढतो. इंग्लंडच्या उन्हाळ्यात मात्र पाऊस पडतच राहतो आणि झोपलेला कंद ओल्या मातीत कुजतो. म्हणून काचेच्या छपराखाली वाळूचा वाफा करायचा आणि त्यात कुंड्या गळ्यापर्यंत पुरायच्या. पूर्वी त्या भाजलेल्या मातीच्या असत, कारण मातीही बाजूने श्वास घेते. पुढे अनेकांनी हलक्या, स्वस्त जाळीच्या कुंड्या घेतल्या. कंद विसाव्यात असताना कुंडीत थेट पाणी न घालता भोवतीच्या वाळूत थोडं घालायचं, ही त्यांची युक्ती मला फार आवडते. कंदाला हवी तेवढीच ओल जाळीतून आत झिरपते.

डच शेतकऱ्यांनी जाळीचा उपयोग वेगळ्याच अडचणीवर केला. फ्लेवोलँडसारख्या समुद्र हटवून मिळवलेल्या प्रांतात जमीन चिकणमातीची. ट्युलिपचे कंद उपटताना तेवढ्याच आकाराची ढेकळं सोबत येतात आणि वेगळी करता करता नाकीनऊ येतात. म्हणून कंद दोन जाळ्यांच्या मध्ये लावतात आणि हंगाम संपला की यंत्राने जाळी उचलून घेतात.

आपल्याकडे हे सगळं जसंच्या तसं उचलून चालणार नाही, कारण पंचांगच उलटं आहे. आपले कंद पावसात जागतात आणि थंडी-उन्हाळ्यात झोपतात. कोकणातल्या सड्यांवर किंवा कासच्या पठारावर जांभ्याच्या खडकावर वीतभरही माती नसते. दिपकाडीसारखी कंदवर्गीय झाडं तिथे पाऊस आला की उगवतात, फुलतात, बी धरतात आणि पुढचे सात-आठ महिने कोरड्या खडकात निपचित पडून राहतात. पाऊस केवढा कोसळतो! पण पाणी थांबत नाही, वाहून जातं. म्हणजे कंद पावसाला घाबरत नाही, साचलेल्या पाण्याला घाबरतो. (ते कंद तिथेच राहू द्यावेत. त्यातले काही जगात दुसरीकडे कुठेही उगवत नाहीत.) गच्चीवर आपण नेमकं उलटं करतो. डिसेंबरात, जानेवारीत शेजारच्या गुलाबाला रोज पाणी घालताना झोपलेल्या कंदालाही घालतो आणि तो कुजला की दोष पावसाला देतो.

जाळीची कुंडी इथे उपयोगी पडते. फुटबॉल लिली, भुईचाफा, कळलावी यांची पानं पिवळी पडू लागली की टोपली वाफ्यातून सरळ उचलायची आणि छपराखाली, वाऱ्यावर ठेवायची. खुरपं लावायला नको, कंद कापला जायला नको. कळलावीला तर हे वरदानच आहे. तिचा कंद इंग्रजी व्ही अक्षरासारखा असतो आणि दोन्ही टोकांवर एकेकच डोळा असतो. खणताना टोक मोडलं की तेवढा कंद वाया गेला. एक मात्र मनापासून सांगते. कळलावीचा कंद अतिशय विषारी आहे. रताळं किंवा कणगर समजून तो खाल्ला गेला तर जीव जाऊ शकतो. त्या टोपलीवर नाव लिहा, मुलांचा हात पोचणार नाही अशा जागी ठेवा आणि स्वयंपाकघराच्या आसपास तर ती आणूच नका.

माती कुठली? काळी तर अजिबात नको. ती पाण्याने फुगते, उन्हात भेगाळते आणि भेगाळताना मुळं तोडते. मी जाड वाळू आणि विटांचे तुकडे मिळून दोन भाग, तांबडी माती एक भाग, कुजलेला पालापाचोळा एक भाग घेते. कच्चं शेणखत कंदाला लागू देत नाही. कोकोपीट पाणी फार धरून ठेवतं, म्हणून ते टाळते. जाळीतून वाळू गळू नये म्हणून आत नारळाच्या शेंड्यांचा पातळ थर देते. एरवी कंद त्याच्या उंचीच्या दुप्पट-तिप्पट खोल लावतात, पण हिप्पिअ‍ॅस्ट्रमची मान मातीच्या वर ठेवायची.

तोटेही आहेत. टोपली वाळूत न पुरता कठड्यावर ठेवली तर एप्रिलच्या उन्हात ती चारही बाजूंनी सुकते आणि सकाळी घातलेलं पाणी दुपारी उरत नाही. उघड्यावरचं स्वस्त प्लॅस्टिक दोन-तीन उन्हाळ्यांत कडकड तुटायला लागतं, पुरलेलं मात्र टिकतं. बांबूची करंडी देखणी दिसते, पण ओल्या वाळूत ती लवकर कुजते. वाफ्यात रुतलेली टोपली उचलताना बाहेर गेलेली मुळं तुटतात, म्हणून पानं हिरवी असताना तिला हात लावू नये. आणि ट्युलिप! जाळी कितीही चांगली असली तरी त्याला फुलण्याआधी बारा-चौदा आठवडे थंडी लागते. पुण्यात शीतगृहातून आणलेला कंद एकदा फुलेल, दुसऱ्या वर्षी त्याची आशा धरू नये.

पावसाळा सरेल तेव्हा माझ्या गच्चीवर कळलावीचे वेल वाळायला लागलेले असतील. भुईचाफ्याची पानंही कडेने पिवळी पडत असतील. पानं ओढून काढायची नाहीत. त्यांच्यातलं अन्न अजून खाली कंदात उतरत असतं. मामासुद्धा कांद्याच्या माना आपणहून पडल्याशिवाय शेतात कुदळ घालत नसे. थोड्याच दिवसांत एकेक टोपली वर येईल, जाळीतून लोंबणाऱ्या वाळक्या मुळांसकट. मी त्या जिन्याखाली विटांवर ओळीने मांडेन, खालून वारा लागेल अशा.