सोंगांचा धनी, स्वतःला पारखा

सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही, असे आपल्याकडे म्हणतात. या जुन्या बोलात आणखी एका सोंगाची भर घालावयास हरकत नाही. आपण आतून सुखरूप आहोत, हे सोंगही माणसाला फार काळ निभावता येत नाही. ८ सप्टेंबर २०२३ रोजी वयाच्या ८२ व्या वर्षी निधन पावलेला ब्रिटिश नकलाकार माइक यारवुड याचे आयुष्य म्हणजे या विधानाची करुण साक्ष होय.

यारवुडचा जन्म १९४१ मधला, चेशर परगण्यातील ब्रेडबरी गावचा. शाळा सोडल्यावर कापडधंद्यात नोकरी करणारा हा सामान्य घरातला तरुण केवळ कान आणि जीभ यांच्या बळावर राष्ट्राच्या दिवाणखान्यात जाऊन बसला. पंतप्रधान हॅरोल्ड विल्सन यांचा पाइप आणि संथ सूर, हुजूर पक्षाचे नेते एडवर्ड हीथ यांचे खांदे हलवीत हसणे, अर्थमंत्री डेनिस हीली यांच्या जाड भुवया, हे सारे त्याच्या हाती लागले म्हणजे मूळ माणसाहून नक्कलच अधिक खरी वाटू लागे. हीली यांच्या तोंडी त्याने ‘सिली बिली’ हे लाडिक शब्द घातले. हीली ते पूर्वी कधी म्हणत नसत; पण लोकांना ते इतके आवडले की पुढे हीलीच ते म्हणू लागले! नकलेने अस्सलाला वळण लावल्याचे याहून बोलके उदाहरण कोणते?

लौकिकाला तर सीमाच राहिली नाही. १९७६ मध्ये ‘ओ.बी.ई.’ हा राजकीय सन्मान त्याला लाभला. १९७७ च्या नाताळच्या दिवशी बी.बी.सी.वरील त्याचा कार्यक्रम २ कोटी १४ लाख लोकांनी पाहिला. ब्रिटनची तेव्हाची लोकसंख्या साडेपाच कोटींच्या आसपास होती, हे ध्यानी घेतले म्हणजे या आकड्याचा अर्थ कळतो.

परंतु याच माणसाच्या कार्यक्रमांची नावे आज वाचली तर मन चमकते. १९६८ मधल्या मालिकेचे नाव होते, ‘खरा माइक यारवुड उभा राहील काय?’ कार्यक्रमाच्या शेवटी सारी सोंगे उतरवून तो ‘आणि हा मी’ असे म्हणे आणि स्वतःच्या आवाजात एक गाणे गाई. प्रेक्षक जमत ते मात्र त्या गाण्यासाठी नव्हे, आधीच्या सोंगांसाठी!

पडद्यामागे हा मनुष्य रंगभयाने थरकापत असे. प्रयोगाची वेळ जवळ आली की भीती दाटे आणि ती दडपण्यासाठी पेला जवळ केला जाई. दारूचे कपट असे की ती प्रथम औषधाचे रूप घेऊन येते. घटकाभर जीव शांत होतो, हात स्थिर होतो. पण तिचा अंमल उतरला की भय दुणावून परतते, मन अधिक खिन्न होते. मग तेवढ्याच शांतीसाठी अधिक मात्रा लागते. भयासाठी दारू आणि दारूमुळे भय, असे हे रहाट सुरू झाले म्हणजे केवळ निग्रहाच्या उपदेशाने ते थांबत नाही. त्यासाठी उपचार लागतो.

त्यातच काळ पालटला. १९७९ मध्ये मार्गारेट थॅचर पंतप्रधान झाल्या. ज्यांच्या नकलांवर यारवुडची कीर्ती उभी होती ते नेते मागे पडले आणि थॅचरबाईंचा आवाज पुरुषाच्या गळ्याला पेलेना. ती नक्कल जॅनेट ब्राउन या अभिनेत्रीने गाजविली. १९८२ मध्ये यारवुड थेम्स या वाहिनीकडे गेला. १९८४ मध्ये बाहुल्यांच्या बोचऱ्या उपहासाचा ‘स्पिटिंग इमेज’ हा कार्यक्रम आला आणि त्याचा सौम्य विनोद जुना वाटू लागला. १९८७ मध्ये त्याची मालिका संपली. मद्यासक्ती आणि खिन्नता यांनी ग्रासलेल्या या कलावंतास १९९० मध्ये हृदयविकाराचा झटका आला. त्यानंतरची तीन दशके त्याने बव्हंशी प्रसिद्धीच्या उजेडाबाहेर काढली.

‘इतरांची सोंगे घेता घेता तो स्वतःला विसरला’ असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. ते आकर्षक असले तरी पुरते खरे नव्हे. जन्मात कधी कोणाची नक्कल न केलेली असंख्य माणसेही याच मार्गाने जातात. दोष नकलेचा नव्हता. भीतीची वाच्यता करण्याची सोय त्याच्या जगात नव्हती, हा होता. दोन कोटी लोक हसत असताना ‘मला भय वाटते’ असे म्हणावे तरी कोणापाशी?

हा प्रश्न केवळ दूरदेशीच्या नटांचा आहे, असे वाचकांनी समजू नये. आपल्या कचेरीत, शिक्षकांच्या खोलीत असा एखादा सहकारी असतोच. ‘जरा घेतो, पण कामात वाघ आहे,’ असे आपण कौतुकाने म्हणतो आणि त्याच्या उणिवांवर पांघरूण घालतो. पुढे एक दिवस तो कामावर येत नाही. तेव्हा त्याच जिभेने आपण त्याला दारुड्या ठरवितो. कौतुक आणि तिरस्कार या दोहोंत साम्य एवढेच, की त्याला नेमके काय होते आहे, हे विचारण्याचे कष्ट दोन्ही वेळा आपण टाळलेले असतात. सोंग चांगले वठले आहे तोवर टाळ्या आणि ते गळून पडले की शिव्या, ही रीत प्रेक्षकांना शोभत असेल. सोबत्यांना शोभत नाही.

‘खरा माइक यारवुड उभा राहील काय?’ हा प्रश्न १९६८ मध्ये विनोदाने विचारला गेला होता. तो गंभीरपणे, आणि वेळेवर, कोणी विचारला असता तर? यारवुडपुरती ती वेळ टळून गेली आहे. शेजारच्या मेजावर बसणाऱ्या सहकाऱ्यापुरती मात्र ती कदाचित अजून टळलेली नसेल.