मधलं नाव कुठे गेलं?

संगणकाच्या माहितीसाठ्यात माणसाचं नाव बहुधा तुकड्यांनी ठेवलेलं असतं. एका रकान्यात स्वतःचं नाव, दुसऱ्यात वडिलांचं किंवा नवऱ्याचं, तिसऱ्यात आडनाव. ओळखपत्र छापायची वेळ आली की हे तुकडे जोडावे लागतात. माहितीसाठ्याशी बोलायची भाषा म्हणजे एसक्यूएल; तिच्या १९९२च्या प्रमाणात त्यासाठी दोन उभ्या रेघांचं चिन्ह आहे. ‘सुनीता’, मोकळी जागा, ‘रमेश’, मोकळी जागा, ‘पाटील’ हे त्या चिन्हाने जोडलं की पूर्ण नाव तयार. मात्र मधला रकाना भरलेलाच नसेल, तर आपल्याला वाटतं की निदान ‘सुनीता पाटील’ तरी मिळेल. पोस्टग्रेस या माहितीसाठा-प्रणालीत तेही मिळत नाही. मधल्या नावाबरोबर सुनीताही जाते आणि पाटीलही.

अनेकांना हा दोष वाटतो. मला तो प्रामाणिकपणा वाटतो. न भरलेल्या रकान्यात ‘नल’ असतं, आणि नल म्हणजे ‘ठाऊक नाही’. ठाऊक नसलेली रक्कम बेरजेत धरली तर बेरीजही ठाऊक नसते. नावालाही तोच न्याय. ‘मधलं नाव नाहीच’ आणि ‘मधलं नाव आपण विचारलंच नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हा फरक पुसायचा अधिकार यंत्राला नाही.

यावर कोणी म्हणेल, ओरॅकल ही दुसरी प्रणाली तर नलला रिकामा मजकूर समजून पुढे जाते, कुणाचं काही अडत नाही. अडत नाही हे खरं, पण तिथे ‘सुनीता’ आणि ‘पाटील’ यांच्यामध्ये दोन मोकळ्या जागा पडतात. डोळ्यांना त्या सहज दिसत नाहीत. एकच जागा सोडून कोणी नाव शोधलं, तर मात्र ते जुळत नाही. गायब झालेलं नाव पहिल्याच छपाईत लक्षात येतं, जास्तीची जागा वर्षानुवर्षं तशीच राहू शकते. पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएलमध्ये ‘कॉनकॅट डब्ल्यूएस’ हे फंक्शन नल गाळून उरलेले तुकडे एकेक जागा सोडून नीट जोडतं. गंमत अशी, की त्याच रकान्यात नलऐवजी रिकामा मजकूर भरून ठेवला असेल, तर तेही दोन जागा सोडतं. म्हणजे तो फरक जपला असेल तरच ही सोय कामाला येते.

मग पूर्ण नाव एकाच रकान्यात का ठेवू नये? कारण जोडणं सोपं आणि तोडणं अवघड. आडनावाप्रमाणे यादी लावायची झाली, तर दोन शब्दांच्या नावात दुसरा शब्द आडनाव आहे की वडिलांचं नाव, हे यंत्राला कसं कळणार? चिन्हांचाही भरवसा नाही. मायएसक्यूएलमध्ये मूळ मांडणीत त्याच दोन रेघांचा अर्थ ‘किंवा’ होतो, आणि ‘सुनीता’ व ‘पाटील’ जोडायला गेलं की उत्तर शून्य येतं. म्हणून नावं जोडणारी क्वेरी लिहिणाऱ्यांना एकच विनंती: मधलं नाव नसलेली एक नोंद मुद्दाम घालून ती आधी चालवून पाहा.