मे महिन्यातल्या भेगा

पहाटे ५.३०. अकोल्यात मे महिन्याच्या शेवटी बाहेरचं काम करायचं तर सकाळी दहाच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर. मधल्या वेळात पारा ४४-४५ वर असतो. गाडीत ओळंबा, पाणपातळीची नळी, हाताने फिरवायचा ऑगर, भेगा मोजायची पारदर्शक पट्टी, काचेच्या पट्ट्या आणि पिशवीभर प्लास्टर ऑफ पॅरिस. मी स्थापत्य अभियंता आहे. घरांना तडे गेले की लोक बोलावतात आणि सर्वात जास्त बोलावणी याच दिवसांत येतात, कारण काळी माती आता पुरती आकसलेली असते.

सकाळी ६. पहिलं घर एका निवृत्त गुरुजींचं. विटांच्या भिंतींवर उभं असलेलं, एकमजली. पूर्वेच्या कोपऱ्यापासून दहाएक फुटांवर उंच निलगिरी. खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेली भेग विटांच्या सांध्यांतून पायऱ्या चढत वर गेली आहे. खाली केसासारखी, वर बोट घुसेल इतकी रुंद. वर रुंद होत जाणारी तिरपी भेग दिसली की घराचा तो कोपरा खाली गेला, असं समजायचं. दाराची चौकटही तिरकी झाली आहे, कडी बसत नाही.

“सर, मुळ्या घुसल्या पायात. झाड तोडूनच टाकतो उद्या,” गुरुजी म्हणाले. बहुतेक घरी पहिलं वाक्य हेच असतं.

६.४५. जोत्याला लागून खड्डा घ्यायला सांगितला. मिस्त्रींनी पहार घातली तेव्हा वरची माती दगडासारखी वाजली. चार फुटांवर पायाचा तळ लागला. पाया शाबूत होता, कुठलंही जाड मूळ त्याला रेटत नव्हतं. तळाखाली मात्र बारीक मुळांचं जाळं पसरलेलं होतं आणि तिथली माती हातात घेतली तर कोरडी, खड्यांसारखी फुटत होती. मग अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला, झाडापासून लांब, ऑगर घातला. तितक्याच खोलीवर माती ओलसर, चिकट. गुरुजींच्या हातावर दोन्ही माती ठेवल्या. त्यानंतर फारसं समजावावं लागलं नाही.

आपली काळी माती बेसाल्ट खडक झिजून झालेली. तिच्यात माँटमोरिलोनाइट हे चिकण-खनिज भरपूर असतं. त्याच्या पातळ थरांमध्ये पाणी शिरलं की माती फुगते, निघून गेलं की आकसते. उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळेच. मोठं झाड मुळांवाटे जमिनीतलं पाणी सतत ओढत असतं. पायाखालची माती त्यामुळे बाकीच्या जमिनीपेक्षा जास्त खोलवर आणि जास्त कोरडी होते, बसते, आणि वरची भिंत तिच्याबरोबर खाली जाते. जाड मुळं कुंपणाची भिंत, फरशी, पायवाट अशी हलकी बांधकामं नक्की उचलतात. गळका सांधा मिळाला तर सांडपाण्याच्या पाइपातही शिरतात. पण घराच्या भक्कम पायाचं खरं नुकसान होतं ते पाणी गेल्यामुळे.

८.१५. चहा घेताना महत्त्वाचा प्रश्न विचारला: आधी घर की आधी झाड? इथे घर आधीचं, निलगिरी नंतर लावलेली. मग झाड काढता येईल. माती पुन्हा ओली होईल आणि फार तर झाड नव्हतं तेव्हाच्या पातळीला येईल. मात्र उद्या नाही. शहरात झाड तोडायला महाराष्ट्राच्या १९७५ च्या वृक्ष संरक्षण व जतन अधिनियमाखाली परवानगी लागते. अर्ज कसा करायचा ते सांगितलं. भेग आत्ता बुजवू नका, एक पूर्ण पावसाळा जाऊ द्या, हेही बजावलं. मे महिन्यात सिमेंटने भरलेली भेग पावसाळ्यात मिटू पाहते आणि आतला मसालाच तिला आडवा येतो.

११.००. ऑफिस. एका मोकळ्या प्लॉटवरच्या मातीची चाचणी काल लावली होती. ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून चाळलेली वाळवलेली माती, दहा-दहा ग्रॅम, मोजपट्टी असलेल्या दोन नळ्यांत. एकीत पाणी, दुसरीत रॉकेल. रॉकेलमध्ये ही माती फुगत नाही. चोवीस तासांनी दोन्हींतला फरक बघायचा. पाण्यातली माती रॉकेलातल्या मातीच्या दुपटीहून वर चढली होती. अशा जमिनीवर साधा उथळ पाया घालू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ही चाचणी स्वस्त आहे, तरी घराला लाखो रुपये घालणारे लोक ती करून घेत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

दुपारी १.३०. त्याच प्लॉटचा आराखडा. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशा जमिनींसाठी तळाशी फुगीर असलेले पाइल विकसित केले. खांब साधारण साडेतीन मीटर खाली, जिथे ओलावा ऋतूंनुसार फारसा बदलत नाही तिथवर जातो. तळाचा फुगवटा खांबाच्या अडीचपट रुंद, म्हणजे माती फुगली तरी खांब वर ओढला जात नाही. जोत्याची तुळई मातीवर टेकवायची नाही, खाली ८० मिलिमीटर पोकळी ठेवायची. आयआयटी मुंबईच्या प्रा. आर. के. कट्टी यांनी काळ्या मातीवर न फुगणाऱ्या चिकट मातीचा जाड थर देण्याची पद्धत मांडली. चांगला मुरूम त्याला चालतो, पण तपासून घेतलेला.

संध्याकाळी ५.३०. दुसरं घर, जुन्या वस्तीतलं. दारात मोठा निंब आणि पश्चिमेची भिंत तडकलेली. नातवांना झाड नको आहे. आजी खाटेवरून म्हणाल्या, “माह्या सासऱ्यानं लावला हा निंब. घर त्याच्या मागून बांधलं. तोडू नका म्हना या पोट्ट्यायले.”

आजींचं म्हणणं अभियंता म्हणूनही मला पटतं. झाड घराआधीचं, म्हणजे घर झाडाने आधीच कोरड्या केलेल्या मातीवर उभं राहिलं. निंब तोडला तर पुढची काही वर्षं पाणी त्या मातीत परतत राहील, माती फुगेल आणि पाया वर उचलेल. खचलेल्या घरापेक्षा उचललेलं घर सावरणं अवघड.

मग घराला फेरी मारली. मागच्या न्हाणीघराचा पाइप जोत्यापाशीच गळत होता. एक कोपरा बारमाही ओला आणि समोरचा कोरडा, तेव्हा भिंत फाटणारच. पहिलं काम पाइप दुरुस्त करण्याचं. दुसरं, घराभोवती बाहेर उतार दिलेली, निदान सहा फुटी रुंद पट्टी करायची, म्हणजे पावसाचं पाणी पायाशी मुरणार नाही आणि ऊनही तिथली ओल शोषणार नाही. तिसरं, निंबाची दरवर्षी बेताची छाटणी. पानं कमी, तर पाण्याची ओढ कमी. मुळं अडवायला पायापेक्षा खोल चर घेऊन जाड प्लास्टिकचा पडदा उभा करता येतो, पण तो घराजवळ घ्यावा. खोडाशी मुळं तोडली तर वळवाच्या वाऱ्यात झाडच घरावर येईल. इथे झाड भिंतीच्या फारच जवळ होतं, म्हणून पडदा मी सुचवला नाही.

७.००. भेगेवर दोन ठिकाणी काचेची पट्टी प्लास्टरने चिकटवली, शेजारी तारीख लिहिली. काच फुटली तर हालचाल चालू आहे. सप्टेंबरात पुन्हा येईन.

रात्री ९.००. दोन्ही घरांचे अहवाल लिहून झाले. काळ्या जमिनीवर घर असलेल्या प्रत्येकाला सांगणं एवढंच: रोप लावताना ते पूर्ण वाढल्यावर किती उंच होईल ते विचारा आणि निदान तेवढं अंतर घरापासून ठेवा. निलगिरी, वड, पिंपळ यांना त्याहून जास्त. आणि जुनं झाड दारात असेल, तर कुऱ्हाड लावण्याआधी पायाशेजारी एक खड्डा घेऊन खालची माती बघा.