पाइपांची पन्हळ आणि बालशिक्षण

जबलपूरमधील ‘चेरीताल’ या नावात जुना तलाव आहे. त्या जागी आज दाट वस्ती आहे. अशा वस्तीत बालकांना पाण्याचा सुरक्षित अनुभव अंगणवाडीच्या अंगणातच द्यावा लागतो.

परिसरातील साधनांतून बालशिक्षण ही दिशा ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी येथे दाखवून दिली. महिला व बालविकास मंत्रालयाच्या ‘आधारशिला’ (२०२४) या ३ ते ६ वर्षे वयोगटाच्या अभ्यासक्रमातही खेळ केंद्रस्थानी आहे.

११० मिलिमीटर व्यासाचा पाइप उभा चिरल्यास दोन पन्हळी मिळतात. कडा पॉलिश पेपरने घासून त्या फळीवर एकाखाली एक, विरुद्ध उतारांवर बसवाव्यात. वर नरसाळे, खाली बादली. उतार वाढविला की प्रवाहाचा वेग वाढतो, हे बालक स्वतः अनुभवते.

जुन्या पीव्हीसी पाइपांत शिशाची संयुगे असू शकतात. २०२१ च्या केंद्रीय नियमांनी त्यांवर निर्बंध आणले. म्हणून भंगारातील पाइप टाळावेत. थोड्याशा पाण्यातही मूल बुडू शकते. त्यामुळे प्रौढांची देखरेख अखंड असावी आणि खेळ संपताच बादलीतील पाणी झाडांना घालावे.