दिल्ली विमानतळ मेट्रो : मार्ग एक, जबाबदारी दोघांची

नवी दिल्ली रेल्वे स्थानकाच्या अजमेरी गेट बाजूने बाहेर पडलेला प्रवासी मेट्रोने वीस मिनिटांच्या आत इंदिरा गांधी आंतरराष्ट्रीय विमानतळाच्या टर्मिनल ३ येथे पोहोचू शकतो. वाटेत शिवाजी स्टेडियम, धौला कुआँ आणि एरोसिटी ही तीनच स्थानके लागतात. ‘एअरपोर्ट एक्स्प्रेस’ या नावाने ओळखली जाणारी ही सेवा आज सुरळीत चालत असली, तरी तिचा पूर्वेतिहास खडतर आहे.

हा मार्ग सार्वजनिक व खासगी भागीदारीतून उभारण्यात आला. त्यासाठीचा करार ऑगस्ट २००८ मध्ये झाला. बोगदे, खांब, उन्नत मार्ग आदी स्थापत्य कामे दिल्ली मेट्रो रेल महामंडळाने करावयाची होती. रूळ, सिग्नल व गाड्यांची व्यवस्था करून तीस वर्षे सेवा चालविण्याचे काम रिलायन्स इन्फ्रास्ट्रक्चरच्या पुढाकारातील खासगी कंपनीकडे होते. ऑक्टोबर २०१० च्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धांपूर्वी मार्ग सुरू करण्याचे उद्दिष्ट हुकले आणि २३ फेब्रुवारी २०११ रोजी सुमारे २३ किलोमीटरचा हा मार्ग प्रवाशांसाठी खुला झाला.

दीड वर्षही पूर्ण होण्यापूर्वी, जुलै २०१२ मध्ये सेवा बंद पडली. उन्नत भागातील गर्डर व त्यांखालील बेअरिंगमध्ये दोष आढळले होते. पुलावरील भार खांबांवर नीट पोहोचविण्याचे काम बेअरिंग करते. त्यामुळे तेथील दोष थेट सुरक्षिततेशी निगडित असतो. दोष बांधकामातील असल्याचे सांगत कंपनीने ऑक्टोबर २०१२ मध्ये करार संपुष्टात आणण्याची नोटीस दिली. दुरुस्तीनंतर मेट्रो रेल्वे सुरक्षा आयुक्तांनी प्रमाणपत्र दिले व २२ जानेवारी २०१३ रोजी ताशी ५० किलोमीटरच्या मर्यादित वेगाने गाड्या पुन्हा धावू लागल्या. १ जुलै २०१३ पासून महामंडळाने सेवा स्वतःकडे घेतली.

दोष कोणाचा व भरपाई कोणी द्यावयाची, हा वाद मात्र दशकभर चालला. लवादाने २०१७ मध्ये कंपनीच्या बाजूने सुमारे २,७८२ कोटी रुपये व त्यावरील व्याजाचा निवाडा दिला. दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २०१९ मध्ये तो रद्द केला. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये तो पुन्हा कायम केला. अखेर १० एप्रिल २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने क्युरेटिव्ह याचिकेवर निर्णय देताना निवाडा रद्दबातल ठरविला. सुरक्षा आयुक्तांच्या प्रमाणपत्रासारख्या महत्त्वाच्या पुराव्याकडे लवादाने दुर्लक्ष केले, असे न्यायालयाने नमूद केले.

दरम्यान महामंडळाने २०१४ व २०१५ मध्ये प्रवासभाड्यात मोठी कपात केली. सप्टेंबर २०२३ मध्ये गाड्यांचा कमाल वेग ताशी १२० किलोमीटर झाला आणि मार्ग द्वारकेतील यशोभूमीपर्यंत वाढला. टर्मिनल १ वरून विमान पकडणाऱ्यांनी मात्र ध्यानात ठेवावे, की तेथील मेट्रो स्थानक वेगळ्या, म्हणजे मॅजेन्टा मार्गावर आहे.

मुंबईतही ऑक्टोबर २०२४ पासून भूमिगत मेट्रो विमानतळाच्या टर्मिनल २ येथे पोहोचली असून अन्य शहरेही याच दिशेने पावले टाकत आहेत. बांधणारा एक व चालविणारा दुसरा असेल, तर दोष आढळल्यास दुरुस्ती कोणी, किती दिवसांत आणि कोणाच्या खर्चाने करावयाची, हे करारातच निःसंदिग्धपणे ठरलेले असणे आवश्यक आहे. न्यायालयीन निकालासाठी पक्षकार वर्षानुवर्षे थांबू शकतात. विमान गाठावयास निघालेला प्रवासी थांबू शकत नाही.