स्कूटर सुरू होत नाही? आधी क्रम लावा



शेतकी खात्याच्या या पानावर बेणेप्रक्रिया, लागण, खोडवा आणि हुमणी हे नेहमीचे विषय. या खेपेस विषय थोडा निराळा घेतला आहे. गटात फिरताना एक गोष्ट वारंवार दिसते. पेट्रोलवरची जुनी स्कूटर अजून पुष्कळ घरांत आहे. दारात मुलाची मोटारसायकल आली तरी वडिलांची स्कूटर गोठ्याशेजारी उभी असतेच. दुधाची किटली, खताचे अर्धे पोते, फवारणीचा पंप असली ओझी तिच्यावरच जातात. रात्रीच्या पाळीची वीज आली की मोटर चालू करायला मळ्यात तीच जाते, आणि फडात टोळी उतरली की मालकाच्या तीन-तीन खेपाही तिच्यावरच होतात. नेमकी अशा वेळी ती बंद पडली तर नुसता खोळंबा होत नाही. पाण्याची पाळी चुकते, नाहीतर भरलेली गाडी वजनाला जाताना मालक जागेवर नसतो.

यातली बहुतेक चेतक आणि तिच्या जातीची वाहने. चेतक १९७२ साली निघाली. पुण्याजवळ आकुर्डीला ती तयार होई आणि नंबर लावून लोक वर्षानुवर्षे वाट पाहत. पेट्रोलवरची ती जुनी चेतक निघणे बंद होऊन आता बरीच वर्षे झाली. २०२० पासून त्याच नावाने जी गाडी मिळते ती विजेवर चालते, तिचा या लेखाशी संबंध नाही. खाली जे लिहिले आहे ते पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणाऱ्या, किक मारून सुरू होणाऱ्या टू-स्ट्रोक स्कूटरबद्दल आहे. लुनासारख्या टू-स्ट्रोक मोपेडलाही यातले पुष्कळसे लागू पडेल.

तीन गोष्टी, एक क्रम

ऊस पिवळा पडला तर आपण लगेच सगळा फड खणत नाही. आधी पाणी पाहतो, मग खत, मग मुळाशी उकरून हुमणी आहे का ते पाहतो. स्कूटरचेही तसेच आहे. इंजिन चालायला तीन गोष्टी लागतात : पेट्रोल, ठिणगी आणि दाब. याच क्रमाने पाहावे. बिघाड कार्बोरेटरात आणि खर्च पिस्टनवर, असे झाले की आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी अशी गत होते.

एक उदाहरण सांगतो. आपल्याच कार्यक्षेत्रातल्या एका सभासदांची स्कूटर तीन-चार किलोमीटर चालून बंद पडे, दहा मिनिटांनी पुन्हा सुरू होई. इंजिन उघडले गेले, बोअर झाले, रिंगा बदलल्या, पैसे गेले. स्कूटर पुन्हा तशीच बंद पडू लागली. शेवटी सापडले ते टाकीच्या झाकणात. झाकणाला हवेसाठी बारीक छिद्र असते, ते मातीने बुजले होते. पेट्रोल खाली उतरेल तसतशी वरून हवा आत यायला हवी. ती न आल्याने पेट्रोल उतरणे थांबे. टाचणीने छिद्र मोकळे केले आणि काम झाले. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

पहिले : पेट्रोल

टाकीत पेट्रोल आहे का, कॉक चालू आहे का, रिझर्व्हवर लावून पाहिला का, हे आधी पाहावे. हसू येईल, पण निम्म्या किका इथेच वाया जातात. नंतर झाकण थोडे सैल करून किक मारून पाहावी. गाडी सुरू होऊन चालू लागली तर वरचेच छिद्र समजावे.

मग कार्बोरेटरकडे जाणारी नळी काढून खाली बाटली धरावी आणि कॉक उघडावा. धार सलग पडली पाहिजे. थेंब थेंब पडत असेल तर कॉकची जाळी किंवा नळी तुंबली आहे. धार चांगली असूनही प्लग कोरडाच राहत असेल तर कार्बोरेटरच्या जेटमध्ये कचरा आहे. जेट काढून हवेने फुंकावा. त्यात तार किंवा सुई घालू नये. जेटचे भोक केसाएवढे मोठे झाले तरी पेट्रोलचे माप बिघडते आणि मग गाडी कायमची जास्त पिते.

स्कूटर एका बाजूला आडवी करून किक मारण्याची आपली जुनी सवय सर्वांना ठाऊक आहे. तिच्यात तथ्य आहे. आडवी केल्याने थोडे जादा पेट्रोल कार्बोरेटरात उतरते, म्हणून सकाळी गार इंजिनाला ती युक्ती चालते. पण तापलेली गाडी बंद पडली असता आडवी केली तर पेट्रोल जादा होऊन प्लग भिजतो आणि किक मारून मारून घाम निघतो. असे झाले तर कॉक बंद करावा, प्लग काढून पुसावा, मूठ पूर्ण पिळून आठ-दहा किका मोकळ्या माराव्यात आणि मग प्लग बसवावा.

दुसरे : ठिणगी

प्लग काढला की त्याचे तोंड नीट पाहावे. फिक्या तपकिरी रंगाचा, कोरडा प्लग म्हणजे सर्व ठीक. काळा आणि ओला असेल तर ऑइल किंवा पेट्रोल जादा होते आहे, नाहीतर चोक ओढलेला राहतो आहे. पांढराफटक असेल तर पेट्रोल कमी पडते आहे किंवा कुठून तरी फुकटची हवा आत शिरते आहे. अशी गाडी फार पळवू नये, पिस्टन धरण्याचा धोका असतो. दोन टोकांमध्ये काजळीचा कण अडकून प्लग शॉर्ट होणे हेही टू-स्ट्रोकला नेहमीचे. पितळी ब्रशने साफ करावे. दोन टोकांत सुमारे ०.६ मिलिमीटर अंतर असावे. हॅकसॉच्या पात्याची दाते नसलेली बाजू साधारण तेवढीच जाड असते, ती घालून पाहता येते.

ठिणगी पाहण्यासाठी प्लग टोपीत घालून त्याचे लोखंड इंजिनाच्या पट्ट्यांना टेकवावे आणि दुसऱ्याला किक मारायला सांगावे. निळी, कडकडीत ठिणगी पाहिजे. प्लगचे भोक उघडे असते आणि त्यातून पेट्रोलची वाफ बाहेर येते, म्हणून प्लग भोकापासून लांब धरावा आणि सांडलेले पेट्रोल आधी पुसावे. ठिणगी नसेल तर नवा प्लग लावून पाहावा, मग टोपी आणि वायर पाहावी. जुन्या गाड्यांत मॅग्नेटोखाली पॉइंट असतात. त्यांवर काजळी धरली तरी ठिणगी जाते. ते साफ करणे ज्याला जमते त्याने करावे, पण त्यांचे अंतर आणि टायमिंग मात्र जाणकाराकडूनच लावून घ्यावे.

प्लग बसवताना आधी बोटांनीच फिरवावा. आटे बरोबर धरले की मगच पाना लावावा. हेड अॅल्युमिनियमचे असते. तिरका प्लग जोर लावून बसवला तर आटे जातात आणि दहा मिनिटांचे काम हजारांवर जाते.

तिसरे : दाब

पेट्रोल आहे, ठिणगी आहे, तरी गाडी सुरू होत नाही आणि किक अगदी हलकी लागते, तर दाब गेला आहे. रिंगा झिजल्या असतील किंवा हेडचे पॅकिंग गेले असेल. हे घरचे काम नव्हे. पांढऱ्या धुराचे लोट निघत असतील आणि गिअर ऑइल कमी होत असेल तर ऑइल सील गेले असावे. तेही मेकॅनिककडेच न्यावे. मात्र काय काय पाहून झाले आहे ते त्याला सांगावे. त्याचा वेळ वाचतो आणि नको ते काम निघत नाही.

गाडी सुरू होते पण चढाला दम टाकते, तर सायलेन्सर काजळीने भरला आहे का आणि एअर फिल्टर धुळीने बसला आहे का ते पाहावे. हंगामात उसाच्या वाहतुकीने रस्त्यावर धूळ किती उडते हे सांगायला नको.

आपलेच इथेनॉल आणि आपली जुनी स्कूटर

आता ज्या तक्रारीमुळे हा लेख लिहावासा वाटला तिच्याकडे येतो. "पेट्रोल बदलल्यापासून गाडी नीट चालत नाही," असे पुष्कळ सभासद सांगतात. पेट्रोल बदलले आहे हे खरे. २००१ साली इथेनॉल मिसळण्याचे पहिले प्रयोग झाले ते आपल्याच राज्यात मिरज आणि मनमाडला आणि उत्तर प्रदेशात बरेलीला. २०२२ मध्ये देशात हे प्रमाण शेकडा दहावर गेले. २०२३ च्या फेब्रुवारीपासून शेकडा वीसचे पेट्रोल विक्रीस आले आणि २०२५ पर्यंत ते बहुतेक सगळीकडे पोहोचले. हे इथेनॉल उसाच्या मळीतून, रसातून आणि धान्यापासूनही होते. त्याचा पैसा ऊसबिलाला हातभार लावतो. म्हणून त्याच्या खोडी झाकून ठेवाव्यात असे मात्र नाही.

पहिली गोष्ट, एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एकतृतीयांश शक्ती कमी असते. पाचवा हिस्सा इथेनॉल असेल तर हिशेबाने शेकडा सहा-सात शक्ती कमी. लिटरला चाळीस देणारी स्कूटर सदतीस-अडतीस देऊ लागली तर तो गाडीचा बिघाड नव्हे. तीस देऊ लागली तर मात्र दुसरे काही आहे.

दुसरी गोष्ट, इथेनॉल जुने रबर फुगवते आणि मऊ करते. जुन्या स्कूटरची नळी आणि कॉकचे वॉशर त्या काळच्या पेट्रोलसाठी केलेले. नळी नखाने दाबून पाहावी. चिकट लागली किंवा तडे दिसले तर लगेच बदलावी. दुकानात इथेनॉल चालणारी नळी मागून घ्यावी. गळकी नळी तापलेल्या इंजिनाजवळ असते, हे विसरू नये. इथेनॉल टाकीतला जुना राप आणि गंजही सुटा करते, म्हणून सुरुवातीला जेट वरचेवर तुंबतो. टाकी एकदा धुऊन घेतली की हा त्रास कमी होतो.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. इथेनॉल पाणी ओढून घेते. पावसाळ्यात दोन-दोन महिने उभ्या असलेल्या स्कूटरच्या टाकीत ओल शिरते. पाणी ठरावीक प्रमाणाबाहेर गेले की इथेनॉल ते पाणी घेऊन वेगळे होते आणि तळाला बसते. टू-स्ट्रोकचे ऑइल बहुतेक वरच्या पेट्रोलबरोबर राहते. कार्बोरेटरला मिळते ते तळाचे. गाडी एकतर सुरूच होत नाही, आणि कशीबशी सुरू झालीच तर बिनऑइलाची चालते व पिस्टन धरतो.

याची परीक्षा सोपी आहे. उभ्या गाडीच्या टाकीतून तळाचे वाटीभर पेट्रोल काचेच्या बाटलीत काढावे आणि अर्धा तास न हलवता ठेवावे. दोन थर दिसले तर ते सगळे पेट्रोल काढून टाकावे, टाकी वाळवावी आणि मगच नवे भरावे. नुसते ताजे पेट्रोल वरून ओतून भागत नाही.

यासाठी तीन सवयी लावून घ्याव्यात. आठवड्याला लागेल एवढेच पेट्रोल भरावे. महिनाभर गाडी उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करून कॉक बंद करावा आणि कार्बोरेटरातले पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालवावे. टाकीच्या झाकणाचे रबर शाबूत ठेवावे आणि गाडी पागोळ्याखाली लावू नये.

ऑइलचे माप गाडीच्या पुस्तकात असते ते पाळावे. चेतकसारख्या स्कूटरला साधारण लिटरमागे २० मिली, म्हणजे पाच लिटरला १०० मिली टू-टी ऑइल. अंदाजाने ओतू नये. कमी पडले तर पिस्टन जातो, जास्त झाले तर प्लग आणि सायलेन्सर. रॉकेलची भेसळ तर कोणत्याही कारणाने करू नये.

जपून करण्याच्या गोष्टी

पेट्रोल काढण्याचे काम उघड्यावर आणि दिवसा करावे. गोठ्यात, कडब्याच्या गंजीजवळ किंवा चुलीजवळ करू नये. विडी-काडी लांब ठेवावी.

पंक्चर काढताना चाकाची रीम दोन भागांची असते हे ध्यानात ठेवावे. चाक सोडवण्याचे नट वेगळे आणि रीमचे दोन भाग जोडणारे नट वेगळे. रीमचे नट ढिले करण्यापूर्वी ट्यूबमधली हवा पूर्ण सोडावी. हवा असताना ते उघडले तर रीम उसळून तोंडावर बसते.

ब्रेक आणि क्लचच्या केबलचे पीळ सुटू लागले की केबल तुटण्याची वाट पाहू नये. एक जादा क्लच केबल, एक प्लग, प्लगपाना, पक्कड, पेचकस आणि फडके एवढे सामान डिकीत कायम असावे.

शेवटी कागदांविषयी. खासगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते, पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. विमा आणि धुराचा दाखलाही चालू पाहिजे. नुसते मळ्यात जायचे म्हटले तरी वाटेत सरकारी रस्ता लागतोच.

हंगाम सुरू होण्याआधी एखादा रविवार काढून वरील क्रमाने स्कूटर तपासून घ्यावी. घरातल्या मुलामुलींना शेजारी बसवून प्लग काढायला आणि जेट फुंकायला शिकवावे. अर्ध्या दिवसाचे काम आहे, आणि ऐन तोडणीत रात्री बांधावर अडकून पडण्याची वेळ टळते.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते