घर आपले, जागा कोणाची?

आपल्या कामाला मदत करणारे शहरातील मित्र भेटले की एक प्रश्न हमखास विचारतात. कातकरी कुटुंबाला घरकुल मंजूर झाले, यादीत नाव आले, मग पावसाळा उलटला तरी घर का उभे राहिले नाही? प्रश्न रास्त आहे. बहुतेकांना वाटते की मधल्यामध्ये कोणीतरी पैसे खाल्ले. तसेही कधी होत असेल, पण बहुतेक वेळा अडचण वेगळी असते. घर बांधायला जी जागा दाखवायची, ती त्या कुटुंबाच्या नावावर नसते.

हे नीट कळावे म्हणून पोलादपूर तालुक्यातील उमरठच्या बाजूचा मुलूख डोळ्यासमोर आणू. उमरठ म्हटले की तानाजी मालुसरे यांची समाधी आठवते. ४ फेब्रुवारी १६७० रोजी सिंहगडावर ते पडले आणि उमरठला त्यांची समाधी झाली. समाधी पाहायला येणारे लोक दर्शन घेऊन महाबळेश्वरच्या रस्त्याला लागतात. मागे जे गाव उरते ते महाड-पोलादपूरच्या कोणत्याही डोंगरगावासारखे आहे. सखल भागात भात, वर उतारावर नाचणी आणि वरी. उताराच्या जमिनीला इथे वरकस म्हणतात. उन्हाळ्यात पालापाचोळा, कवळे आणि शेण पसरून राब भाजायचा, त्यावर रोप टाकायचे. पाऊस भरपूर, पण तो चार महिन्यांतच धावत निघून जातो. म्हणून जवळजवळ प्रत्येक घरातले कोणी ना कोणी मुंबईला असते.

या गावांत जमिनीचा सातबारा मागितला तर एकाच गटावर वीस-पंचवीस नावे निघतात. आजोबांच्या नावाची जमीन मुलांत, मग नातवंडांत आली. वारस लागत गेले, वाटप झालेच नाही. त्यातले निम्मे चाकरमानी, काही हयातही नाहीत. एखाद्या भावाला त्यावर कर्ज काढायचे असेल तर सगळ्यांच्या सह्या जमवता जमवता तो थकतो. जमीन पडीक राहण्याचे हेही एक मोठे कारण आहे. शेतकरी कुटुंबांचे हे दुःख खरे आहे आणि ते मी कमी लेखत नाही.

कातकरी वाडीचे दुःख मात्र याच्या उलट आहे. तिथे नावांची गर्दी नाही, नावच नाही.

असे का झाले, याला इतिहास आहे. जुन्या कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात, खोती होती. खोत सारा गोळा करी, कुळे जमीन कसत. १९४९ च्या कायद्याने खोती गेली. त्याआधी १९४८ मध्ये कुळकायदा झाला होता, आणि पुढे १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन धरून कसणारी कुळे मालक झाली. फार मोठे काम झाले. पण कुळ म्हणून कागदावर ज्याची नोंद होती त्यालाच त्याचा लाभ मिळाला. कातकरी बहुधा कुळ नव्हता. तो खैराचा काथ काढणारा, कोळसा पाडणारा, दुसऱ्याच्या बांधावर मजुरी करणारा. मालकाने सांगितले, “रानाच्या कडेला झोपडी घाल, कामाला बरा पडशील.” त्याने घातली. दोन-तीन पिढ्या तिथेच गेल्या. आज त्या झोपडीखालची जागा मालकाच्या नातवाच्या सातबाऱ्यावर आहे, किंवा वनखात्याच्या नकाशात आहे.

आम्ही वाडीत गेलो की म्हाताऱ्या आया एक प्लास्टिकची पिशवी काढून समोर ठेवतात. त्यात रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र आणि घरपट्टीच्या पावत्या. “बघ भाऊ, पट्टी भरलीय. घर आपलंच ना?” या प्रश्नाचे उत्तर देताना जीव कासावीस होतो. ग्रामपंचायत नमुना ८ मध्ये घराची नोंद करते ती कर आकारण्यासाठी. तो मालकीचा दाखला नव्हे. तरीही त्या पावत्या टाकू नका, असे आम्ही पुन्हा पुन्हा सांगतो. इतकी वर्षे कोण इथे राहत आहे हे सांगणारा तो पुरावा आहे.

हा घोळ फक्त आपल्याकडचा नाही. इंडोनेशियातील खेड्यांत पिढ्यान्‌पिढ्या ‘गिरिक’ नावाची जमीनपट्टीची पावती जपून ठेवली जाई आणि लोक तिलाच मालकी समजत. १९६० च्या तिथल्या जमीन कायद्यानंतर खरा हक्क नोंदणीच्या प्रमाणपत्रातून येऊ लागला, आणि कितीतरी शेतकऱ्यांना आपली पावती अपुरी आहे हे वाद निर्माण झाल्यावरच कळले. २०१३ मध्ये तिथल्या घटनापीठाने परंपरागत समूहांचे जंगल हे सरकारी जंगल नव्हे, असा निकाल दिला. आपल्या वनहक्क कायद्याशी त्याचे नाते जवळचे आहे.

मग मार्ग कोणते? झोपडी कोणाच्या जमिनीवर आहे हे आधी पाहावे लागते. ते न पाहता अर्ज केला की वर्षे वाया जातात.

जागा खासगी मालकाची असेल तर कुळकायद्याची कलमे १६ ते १८ वाचावीत. मालकाच्या जागेत स्वतःच्या खर्चाने घर बांधून राहणाऱ्या कुळाला सहजी हुसकावता येत नाही आणि जागा विकायची झाल्यास पहिला हक्क त्याचा, हे संरक्षण शेतमजूर आणि कारागिरांनाही आहे. हे फार थोड्यांना ठाऊक असते. दुसरा मार्ग गावठाण विस्ताराचा, तो जिल्हाधिकाऱ्यांच्या अधिकारात आहे. ‘स्वामित्व’ योजनेत २०२० पासून ड्रोनने मोजणी होऊन मिळकत पत्रिका मिळू लागल्या, पण त्या गावठाणातील घरांना. गावठाणाबाहेरची वाडी त्यात येत नाही. म्हणून वाडीला गावठाण मिळणे इतके मोलाचे आहे.

जागा वनजमीन असेल तर २००६ चा वनहक्क कायदा. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून ताबा असलेल्या आदिवासी कुटुंबाला कसण्याचा आणि राहण्याचाही हक्क मिळतो. मर्यादा ४ हेक्टर. हक्कपत्र नवरा-बायको दोघांच्या नावे होते, वारसाला जाते, विकता येत नाही. पेसा कायदा रायगडला लागू नाही, पण वनहक्क कायदा लागू आहे. या दोन गोष्टींत कार्यकर्तेही गोंधळतात. इंग्रजी अमलात वनखात्याने डोंगरउतारावर कसायला दिलेल्या ‘दळी’ जमिनीही याच कायद्याखाली मागता येतात. पुराव्यात कागदच लागतो असे नाही. जुने बांध, विहीर, दफनभूमी, वाडीतील वृद्धाचा लिहून घेतलेला जबाब हेही चालते. मात्र किमान दोन पुरावे हवेत.

खरा अडथळा मला वेगळाच दिसतो. दिवाळी झाली की वाडी रिकामी होते. कुटुंबे वीटभट्टीवर, कोळशाच्या कामाला जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. सरकारी मोजणी होते उन्हाळ्यात. २६ जानेवारी आणि १ मेची ग्रामसभा होते तेव्हा ज्यांचा दावा आहे ते भट्टीवर. दाराला कुलूप बघून “येथे कोणी राहत नाही” असा शेरा लिहिलेला पंचनामा मी स्वतः वाचला आहे. चुलीतली राख तेव्हा जेमतेम चार महिन्यांची होती.

२०२१ च्या जुलैत महाडच्या तळिये गावावर दरड कोसळली, त्याच पावसात पोलादपुरातील केवनाळे आणि साखर सुतारवाडीवरही. २०२३ च्या जुलैत खालापुरातील इर्शाळवाडी गेली, ती ठाकर बांधवांची. त्यानंतर उतारावरच्या वाड्यांतून “आम्हाला खाली जागा द्या” ही मागणी वाढली आहे. कातकऱ्यांसारख्या आदिम जमातींसाठी नोव्हेंबर २०२३ मध्ये पीएम-जनमन योजना सुरू झाली, त्यात पक्की घरे आहेत. घर आहे, पण जागेची ओळ अर्जात कोरीच राहते.

म्हणून या पावसाळ्यात आम्ही घरोघरी पिशव्या उघडून बसतो. कोणाची पावती कोणत्या वर्षाची, जातीचा दाखला आहे की नाही, झोपडी कोणत्या गटात येते, याची वहीत नोंद करतो. १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या ग्रामसभांना वाडीतली माणसे गावातच असतात. दावे त्या दोन दिवशी मांडायचे ठरले आहे. ज्या वाचकांना मोजणीचे नकाशे वाचता येतात किंवा तलाठी कार्यालयात काम केल्याचा अनुभव आहे, त्यांनी त्याआधी दोन-तीन दिवस काढून आमच्याबरोबर वाडीत यावे. छत्री आणावी, वाट चिखलाची आहे.